आत्याने बघितलेलं दुसरं घर

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज पानांचा असायचा. खाऊच्या पानांना आवाज असतो हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही, पण ओल्या गोणपाटावर पानावर पान पडलं की बारीकसा टप् असा आवाज येतो, आणि दोन बायका हात चालवत असल्या तर तो थांबतच नाही. निमगाव केतकीला आमचा पानमळा होता. फार मोठा नव्हता, पण घर त्याच्यावर चालायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, अंगठ्याला पत्र्याची नखी लावून वेलीवरची पानं खुडायचे आणि ओसरीवर आई आणि आत्या ती निवडायला बसायच्या. कोवळं पातळ पान एकीकडं, खालचं जाडभरडं दुसरीकडं, किडकं-फाटकं पाठीमागं. आत्याचा हात बघण्यासारखा होता. ती पानाकडं बघायचीच नाही. बोलणं चालू, चहा चालू, शेजारणीशी वाद चालू, आणि बोटं आपली पान चाचपून त्याच्या त्याच्या ढिगावर टाकतायत. मी कॉलेजला जायच्या आधी तासभर त्या दोघींत बसायचे. मग हात धुऊन ज्वारीची भाकरी लसणाच्या चटणीशी खायची, उरलेली अर्धी दुधात कुस्करायची आणि बारामतीची गाडी धरायला फाट्यावर पळायचं. वर्गात शेजारच्या मुली म्हणायच्या, तुझ्या हाताला कसला तरी हिरवा वास येतो. यायचाच. तीन वर्षं त्या वासाच्या हातानं मी गणित सोडवलं, आणि आमच्या घरात सातवीच्या पुढं गेलेली मी पहिली. हे मी मोठेपणा म्हणूनच सांगते. उगाच नम्रपणाचं सोंग मला जमत नाही.

आत्या म्हणजे हौसाआत्या, अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला आक्का म्हणायचे आणि तिच्यापुढं बसताना अजून पाय दुमडून बसायचे. तिचं लग्न लहानपणीच झालं होतं आणि दोन वर्षांत ती माहेरी परत आली होती. उलट बोलते म्हणून पाठवली, एवढंच आईनं मला एकदा सांगितलं. त्याच्यापुढं कुणी काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण भावकीत कुठलीही मुलगी द्यायची असली की घर बघायला आत्या पाहिजेच असायची. लोक इंदापूरपासून तिला न्यायला यायचे. तिची घर बघायची रीत वेगळी होती. मुलाकडं ती फारसं बघायची नाही. सांगून जायची नाही. गेली की आधी गोठ्यात जायची. जनावरांच्या बरगड्या दिसत असल्या तर तिथूनच मागं फिरायची. मग न्हाणीघर, मग चूल, मग त्या घरातली एखादी जुनी सून गाठून तिला पाणवठ्यावर एकटीला बोलतं करायची. परत आल्यावर ओसरीवर बसून फक्त दोनातला एक शब्द सांगायची. ‘द्या’ किंवा ‘नगं’. तिनं ‘नगं’ म्हटलेल्या घरात मुलगी दिली आणि पुढं सुखाचं झालं, असं मी तरी ऐकलं नाही.

त्या वर्षी माझी वेळ आली. मी शेवटच्या वर्षाला होते, परीक्षा महिन्यावर आली होती, आणि जळोचीचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बारामतीला कारखान्यात कामाला, स्वतःचं घर, दारात दोन म्हशी. आत्या जाऊन आली होती आणि तिला ते घर आवडलं होतं. वाईट काहीच नव्हतं त्यात. ते लोक पाडव्यापर्यंत सांगा म्हणाले होते. आणि नेमकं त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजच्या गणिताच्या सरांनी मला थांबवून सांगितलं होतं, की तू एम.एस्सी. कर, इथं नाही, पुण्याला विद्यापीठात कर, आणि अर्ज भरायच्या आधी एकदा जाऊन ते बघून ये. मी घरी हे सांगितलं तेव्हा आईनं हातातलं पान खाली ठेवलं. अण्णा वर आढ्याकडं बघत बसले. दोन वर्षं, परगावी, एकटी मुलगी. हो म्हटलं तर जळोची जाणार, आणि नाही म्हटलं तर पाडव्यानंतर माझ्या हळदीची तयारी. मी रडले नाही, पण भाकरीही खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याच बोलली. पानं निवडता निवडता, कुणाकडंही न बघता.

“म्हंजी दोन घरं हायत म्हण की.”

“कुठली दोन, आक्का?” अण्णा म्हणाले.

“एक जळोचीचं. एक ह्ये हिचं पुण्याचं. दोन वर्सं पोरगी ऱ्हाणार, खाणार, निजणार, म्हंजी घरच की त्ये. एक मी बघितलंय. दुसरं बघितल्याबिगर चांगलं कुठलं, कसं सांगू?”

“आगं, ती शाळा हाय मोठी. घर न्हाय.”

“मग निजायचं कुठं तिनं? बाकावर?”

मी आईकडं बघितलं. आई पदर तोंडाला लावून हसत होती. असं ठरलं, की शिमग्याच्या नंतर आत्या विद्यापीठ बघायला जाणार, अण्णा तिला नेणार, आणि पत्ता मला माहीत म्हणून मीही जाणार. घर बघायला मुलगी स्वतः जात नाही आमच्यात. आत्याला ते टोचत होतं. “लाज सोडून लेकीला संगट न्यावं लागतंय,” असं ती दोन-तीनदा म्हणाली, पण इलाज नव्हता, कारण इंग्रजी पाट्या वाचायला दुसरं कुणी नव्हतं.

निघालो त्या पहाटे तिनं अंगणातला एक खडा उचलून माझ्या पिशवीत टाकला. तिघांनी मिळून शुभ कामाला जायचं नाही, म्हणून चौथा माणूस म्हणून तो खडा. मी बी.एस्सी.ला गणित घेतलेली मुलगी, मला ते आवडलं नाही. पण मी बोलले नाही. मला त्या दिवशी आत्याशी वाकडं घ्यायचं नव्हतं. बारामतीहून पुण्याच्या गाडीत आम्हाला मागची बाकं मिळाली. आत्यानं ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं. अण्णांनी टोपी नवी घातली होती, चपला मात्र त्याच जाडजूड, रोजच्या. मांडीवर फडक्यात भाकऱ्या, कोरडं पिठलं, कांदे. जेजुरीच्या पुढं गेल्यावर मला धीर झाला आणि मी आत्याला हळूच म्हटलं, “आत्या, तिथं गेल्यावर फार बोलू नको हं.”

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीकडं तोंड केलं.

“मग मला कशाला नेतीस? फोटू काढायला?”

आज मला माझ्या त्या बोलण्याची लाज वाटते. तेव्हा मला तिची लाज वाटत होती. तिच्या नऊवारीची, तिच्या मोठ्या आवाजाची, अण्णांच्या चपलांची. वीस वर्षांच्या मुलीला जगात सगळ्यात जास्त भीती कुणी हसेल याची असते, आणि त्या वेळी मला खात्री होती की सगळं पुणं आमच्याकडं बघून हसायला दारात उभं आहे. खरं तर कुणी ढुंकून बघितलं नाही. स्वारगेटला उतरलो, तीन माणसांना विचारून शहरातली बस धरली आणि दहाच्या सुमाराला विद्यापीठाच्या फाटकापाशी उतरलो.

फाटकातून आत गेल्यावर पहिलं काय जाणवलं तर सावली. एवढ्या उन्हात शहरातून आलो होतो, आणि आत दोन्ही बाजूंनी झाडंच झाडं. वड, पिंपळ, चिंच, आणि नाव माहीत नसलेली कितीतरी. अण्णा एका वडाच्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. “कुणी लावली आसतील?” एवढंच म्हणाले. ते पानमळ्याचे माणूस. त्यांना सावलीची किंमत माहीत. त्यांच्यापुरता निकाल तिथंच लागला होता असं मला नंतर वाटलं. आत्या मात्र भराभर पुढं चालली होती. तिला झाडं बघायची नव्हती. तिला गोठा बघायचा होता.

मुलींचं वसतिगृह शोधायला अर्धा तास लागला. एवढं चालून चालून अण्णा म्हणाले, “हितं एका घरातनं दुसऱ्या घरात जायचं तर वाटंत भाकरी बांधून घ्यावी लागंल.” वसतिगृहाच्या दारात बाकावर एक बाई बसल्या होत्या. अण्णांना त्यांनी बाहेरच थांबवलं. मला ते अवघड वाटलं, पण आत्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. “बापाला बी सोडत न्हाईत. बरं हाय.” आम्हा दोघींना पाहुण्यांच्या खोलीपर्यंत जाऊ दिलं. तिथंच आम्हाला वैशाली भेटली. ती लातूरकडची होती, गणितालाच होती, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. बादलीत धुतलेले कपडे घेऊन चालली होती. मी तिला काही विचारायच्या आत आत्यानं दुसऱ्या बाजूनं बादलीची कडी धरली होती.

“चल, वाळत घालू लागते.”

मागच्या अंगणात दोऱ्या होत्या. आत्या कपडे झटकून देत होती, वैशाली दोरीवर टाकत होती, आणि मला कळलं की हाच आत्याचा पाणवठा. मी थोडी लांब उभी राहिले.

“कवा उठतीस?”

“सहाला, कधी सातला. रविवारी नऊ.”

“कोन उठवतं?”

“कुणी नाही, मावशी. घड्याळ.”

“आन न्हाय उठलं तर?”

“तर न्याहारी संपते.” वैशाली हसली.

“जेवण कसं?”

“भात चांगला असतो. पोळी दुपारी बरी, रात्री चामडं. आमटीला पहिलं पाणी, मग डाळ.”

“आजारी पडलीस तर?”

वैशालीनं जरा विचार केला. “मागं ताप आला होता. खोलीतल्या मैत्रिणीनं दवाखान्यात नेलं. चार दिवस तिनंच डबा आणून दिला.”

“तुझी कोन ती? गावची?”

“नाही. इथंच ओळख झाली.”

आत्यानं ओली ओढणी दोन वेळा झटकली. जाता जाता खानावळीच्या मागच्या दारात एक तांबडं कुत्रं आडवं पसरलं होतं. पोट एवढं भरलेलं की माणूस जवळ आलं तरी उठेना. आत्या थांबून त्याच्याकडं बघत राहिली. “कुत्रं भरलंय,” मला म्हणाली. “अन्न पुरतंय म्हंजी.” गोठ्याचं काम कुत्र्यानं भागवलं.

दुपारी उपाहारगृहाच्या बाहेर झाडाखाली बसून आम्ही भाकरी सोडली. अण्णांनी आतून भजी आणि पाण्याचे पेले आणले. आत्यानं एक भजं खाल्लं आणि तेल जुनं आहे म्हणाली, तरी दुसरं घेतलं. इकडून तिकडून मुलं-मुली चालली होती. कुणी वही वाचत, कुणी सायकल ढकलत. दोन मुली एका मुलाशी कसल्या तरी आकडेमोडीवरून भांडत होत्या. मी भाकरी हातात तशीच धरून त्यांच्याकडं कान लावला होता, एवढं मला तिथं असायचं होतं. आणि तेवढ्यात आत्या बोलली.

“दत्तू, घर वाईट न्हाय. पर हितं घरधनी कोन हाय त्येच कळंना.”

“म्हंजी?” अण्णा म्हणाले.

“जळोचीला सासरा हाय. उद्या काय झालं तर मी त्याच्या दारात जाऊन बसंन. हितं कुनाच्या दारात बसू? सकाळधरनं बघतिया. ज्यो त्यो आपला आपला. पोरगी कुनाच्या पदरात घालायची? त्या झाडाच्या?”

अण्णांनी कांदा फोडायचा थांबवला. “आक्का म्हनती त्ये बरोबर हाय,” असं ते हळूच म्हणाले. आत्याचं म्हणणं खोटं नव्हतं. तिथं खरंच कुणी कुणाचं नव्हतं, आणि मला जे आवडत होतं ते नेमकं तेच होतं. पण हे मी आत्याला कुठल्या शब्दांत सांगणार? आजही मला मुलींचे आईवडील हाच प्रश्न विचारतात. मी इंदापूरला गणित शिकवते, दर वर्षी एखाद-दुसरी मुलगी बाहेर जायला निघते, आणि बाप मोबाइलवर वसतिगृहाचे फोटो दाखवत विचारतो, मॅडम, तिथं बघायला कोण आहे? मी म्हणते, फोटो काय दाखवता, एक दिवस जाऊन दिवसभर बसून या. त्याच्यापेक्षा चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

जेवण झाल्यावर वैशाली आम्हाला शोधत आली. दोन वाजता तिचा तास होता आणि तिनं सरांना विचारून ठेवलं होतं. बसू दे की मागं, असं सर म्हणाले होते. मला वाटलं एकटीनं जावं. पण आत्या आधीच पदर खोचून उभी होती, आणि तिच्या मागं अण्णा. गणिताच्या विभागाचा लांब व्हरांडा, थंडगार फरशी. वर्गाच्या दारात अण्णा थांबले आणि त्यांनी चपला काढल्या. पानमळ्यात कुणीही चपला घालून जात नाही, तो एक प्रकारे देव्हाराच असतो आमच्यात, आणि अण्णांना ती खोली तशी वाटली असावी. एवढ्या मोठ्या दाराबाहेर चपलांचा एकच जोड, मळ्याच्या वाटेवरच्या मातीनं तांबडा झालेला. आत बसलेली मुलं वळून बघायला लागली. माझे कान गरम झाले. मी म्हटलं, “अण्णा, इथं चालतं घालून.” अण्णा म्हणाले, “आसू दे.” आणि अनवाणी येऊन शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले.

सर साठीच्या जवळचे होते, बारीक, पांढऱ्या शर्टाला खडूचे डाग. त्यांनी आमच्याकडं बघून मान हलवली आणि फळ्याकडं वळले. त्यांनी एक सिद्धता मांडायला घेतली. पहिली चार वाक्यं मला समजली, मग सुटलं, मग पुन्हा सापडलं, आणि सापडलं तेव्हा एवढा आनंद झाला की शेजारी आत्या बसली आहे हे विसरून मी वहीत लिहायला लागले. वर्गात खडूच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. फळा अर्धा भरला. आणि मधल्या बाकावरून वैशालीचा आवाज आला. मोठा नाही, साधा, वाढताना मीठ कुठं आहे विचारावं तसा.

“सर, तिसऱ्या ओळीत उणे यायला पाहिजे.”

सर थांबले. मागं सरकून फळ्याकडं बघत उभे राहिले. आत्यानं माझ्या मनगटाला धरलं.

“काय म्हनली गं ती?”

“सरांची चूक काढली,” मी कुजबुजले.

“एवढ्यांच्या म्होरं?”

“हं.”

आत्याची पकड घट्ट झाली. ती आता सरांकडं बघत होती, आणि तिचा चेहरा मला ओळखू येईना. सर चांगले अर्धा मिनिट फळ्याकडं बघत होते. मग त्यांनी डस्टर घेतलं, तिसरी ओळ पुसली, तिच्या खालच्या चारही पुसल्या. “बरोबर आहे. मी घाई केली. नाहीतर पुढं सगळं कोसळलं असतं,” असं म्हणून पुन्हा तिसऱ्या ओळीपासून लिहायला लागले. कुणी हसलं नाही. कुणाला त्यात काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. वैशाली मान खाली घालून उतरवून घेत होती. आत्यानं माझं मनगट सोडलं ते तास संपल्यावर. तिथं तिच्या बोटांचे वळ उठले होते.

व्हरांड्यात आल्या आल्या आत्यानं वैशालीला बाजूला घेतलं.

“आता तुला तरास न्हाय ना द्यायचा त्यो मास्तर?”

“कशाबद्दल?”

“चूक काढलीस त्येची.”

वैशाली मोठ्यानं हसली. “मावशी, मागच्या आठवड्यात मी त्यांची चूक काढली आणि माझंच चुकलं होतं. तेव्हा त्यांनी तास संपल्यावर बसवून वीस मिनिटं समजावून सांगितलं.”

“आन वरडलं न्हाईत?”

“ओरडतील कशाला?”

व्हरांड्याच्या कठड्याला टेकून आत्या बराच वेळ बाहेर बघत उभी राहिली. अण्णा चपला घालत होते.

वैशालीनं आम्हाला विभागातल्या एका मॅडमकडं नेलं. त्यांची खोली लहान होती आणि खुर्चीवर, खिडकीत, जमिनीवर पुस्तकं. त्यांनी दोन खुर्च्या रिकाम्या करून दिल्या आणि मला समोर स्टुलावर बसवलं. काय शिकलीस, कुठला विषय आवडतो, का आवडतो, असं विचारत गेल्या. मी अडखळत का होईना बोलले. मग त्यांनी सगळं सांगितलं. निकाल लागल्यावर अर्ज, मग प्रवेश परीक्षा, मग यादी, यादीत नाव आलं तर वसतिगृहाचा वेगळा अर्ज. प्रत्येक पायरीला अण्णांची मान एकेक बोट खाली जात होती. शेवटी आत्यानं विचारलंच.

“बाई, पोरगी हितं ठेवली तर तिच्याकडं बघनार कोन?”

मॅडमनी चष्मा काढून पदराला पुसला. “खोटं नाही सांगत तुम्हाला,” त्या म्हणाल्या. “अडचण आली तर मी आहे, वसतिगृहाच्या बाई आहेत. पण रोजचं तिचं तिलाच बघावं लागेल.”

“व्हय,” आत्या म्हणाली. “मला बी तसंच दिसलं.”

त्या ‘व्हय’मध्ये काय होतं ते मला कळलं नाही. तेवढ्यात शिपाईदादा चहा घेऊन आले. उन्हातून फिरून फिरून आमच्या जिभा कोरड्या पडल्या होत्या. आलं घातलेला, वाफ येणारा चहा. अण्णांनी हात पुढं केला. आत्यानं त्यांच्याकडं नुसतं बघितलं. अण्णांचा हात तिथंच थांबला, मग हळूहळू परत मांडीवर गेला.

“आमाला नगं, बाई,” आत्या म्हणाली.

“घ्या हो, उन्हाचं आलात.”

“नगं. पानी बी नगं.”

मॅडमचा चेहरा बदलला. फार नाही, एखादी रेघ पुसावी तेवढाच. त्यांनी कप स्वतःकडं ओढला आणि अगदी शांतपणे विचारलं, “आमच्या हातचं चालत नाही का?”

असं विचारायची पाळी आपल्याकडं माणसावर का येते, हे मला माहीत होतं. आमच्याच गावात कुणाच्या घरी चहा नाकारला जातो आणि कुणाच्या नाही, हे मी लहानपणापासून बघत आले होते. सगळं गेलं, असं वाटलं. मी स्टुलावरून उठले आणि जे तोंडाला आलं ते बोलत सुटले.

“तसं नाही, मॅडम, तसं अजिबात नाही. सकाळपासून इथलंच पाणी पितोय आम्ही, भजी खाल्ली. ते तुमचं नाही, ते आमच्यात असं आहे, की लेक ज्या घरात दिली त्या घरचं आईबाप काही खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत. म्हणून…”

आणि मी थांबले. आपण काय बोललो ते माझं मलाच ऐकू आलं. मी आत्याकडं वळून बघितलं. ती तिच्या हातावरचं गोंदण निरखत बसली होती.

“आक्का,” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता. “आगं, आजून फॉरम बी न्हाय भरला. परीक्षा व्हायची हाय तिची.”

“त्ये तिनं बघावं,” आत्या म्हणाली. “माझं काम झालं.” आणि मग मॅडमकडं वळून, त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाली, “राग मानू नगा, बाई. तिला द्या कप. ती घील. तिला चालतंय.”

मॅडमनी आमच्याकडं एकेकाकडं बघितलं. मग त्यांनी आपल्याकडं ओढलेला कप उचलून माझ्या हातात दिला, काही न बोलता, आणि दुसरा स्वतः घेतला. आम्ही दोघी चहा प्यायलो. समोर ते दोघं कोरड्या ओठांनी बसून राहिले होते. मला चहाची चव लागली नाही. पण मी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला, कारण आत्या बघत होती.

परत निघालो तेव्हा उन्हं कलली होती. फाटकापर्यंतचा तो लांब रस्ता आत्या आमच्या पुढं पुढं चालली. वाटेत दोन ठिकाणी पाण्याचे नळ लागले. अण्णांनी प्रत्येक नळापाशी पाय जरा हळू केला, आणि आत्यानं प्रत्येक वेळी मागं न बघता “चल” म्हटलं. फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडं एक रसवंती होती. तिथं पोचल्यावर आत्यानं आधी रस नाही, नुसतं पाणी मागितलं. उभ्या उभ्या तिनं दोन तांबे रिकामे केले, तिसरा अण्णांच्या हातात दिला, आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, “दत्तू, जळोचीला उद्याच जाऊन सांगून ये. चांगली मानसं हायत ती. पाडव्यापतूर कशाला ताटकळत ठिवायचं त्यांना?”